पिवळ्या रेषेची साक्ष

अभिमानी : विजयदुर्गाचं नाव काढलं की लोक आंग्र्यांचं आरमार आणि किल्ल्याची तिहेरी तटबंदी सांगतात. ते सांगायलाच हवं. पण माझ्या लेखी त्या किल्ल्याचा सर्वांत मोठा मान वेगळा आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून आली आणि आपल्याच किनाऱ्यावरून हिंदुस्थानात शिरली. त्या दिवशी सूर्याच्या कडेवरच्या तांबड्या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. ती हेलियमची. पृथ्वीवर सापडण्याच्या २७ वर्षं आधी एक मूलद्रव्य सूर्यावर सापडलं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी ती रेषा विजयदुर्गावरून पाहिली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. सूर्य हायड्रोजनचं हेलियम करून ऊर्जा देतो. म्हणजे सूर्य कशावर चालतो याचा पहिला पुरावा माणसाच्या हाती आला तो आपल्या देवगड तालुक्यात. हे मुलांना अभिमानाने सांगायचं नाही, तर काय सांगायचं?

चिकित्सक : तुमच्या बोलण्यात तीन विधानं एकमेकांत मिसळली आहेत. लॉकियर १८६८ साली विजयदुर्गावर होते, हे पहिलं. हेलियमचा शोध त्या दिवशी लागला, हे दुसरं. आणि त्या दिवशी दिसलेलं हेलियम हे सूर्याच्या ऊर्जानिर्मितीतून तयार झालेलं होतं, हे तिसरं. तिन्ही वेगवेगळी तपासली तर एकही जसंच्या तसं उभं राहत नाही.

पहिलं घ्या. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ग्रहण पाहायला हिंदुस्थानात आलेल्यांची ठिकाणं नोंदलेली आहेत. फ्रान्सचे झान्सेन गुंटूरला होते, मेजर टेनंट यांचा तळही तिथेच. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल, विजापुरात कॅप्टन हेग, मच्छलीपट्टणला पॉगसन. शिवाय दिवस ऑगस्टच्या मध्याचा. त्या दिवसांत कोकणातलं आभाळ कसं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. जाणूनबुजून ग्रहण पाहायला निघालेला माणूस घाटावर कोरड्या मुलखात जाईल, भर पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तळ ठोकणार नाही.

दुसरं. त्या दिवशी अनेकांना पिवळी रेषा दिसली, पण बहुतेकांनी ती सोडियमची धरली. ज्वालांच्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील, हे झान्सेन यांच्या लक्षात आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते करून पाहिलं. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय, स्वतंत्रपणे तेच साधलं. दोघांच्या वार्ता पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोहोचल्या आणि फ्रेंच सरकारने दोघांचेही चेहरे असलेलं पदक काढलं. ती पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेवर बसत नाही, थोडी बाजूला पडते, हे नंतरच्या बारकाईच्या मोजणीतून ठरलं. लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनमधून ती रेषा मिळते का हे पाहिलं. मिळाली नाही. १८९५ साली विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत ती सापडली, तेव्हा कुठे प्रश्न मिटला. एवढ्या लांबच्या वाटेतला एकच दिवस आणि एकच किल्ला उचलायचा आणि त्याला जन्मस्थान म्हणायचं, हे न्यायाला धरून नाही.

अभिमानी : मग ते ओटे कुठून आले? गावाची आठवण तपशिलात चुकत असेल, पण ‘साहेब’ हे पात्र कुणी हवेतून आणलेलं नाही.

चिकित्सक : नाहीच आणलेलं. लॉकियर विजयदुर्गावर आले होते, पण ३० वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झालं आणि त्याचा पट्टा पुन्हा आपल्या किनाऱ्यावरून गेला. त्या वेळी लॉकियर यांची मोहीम विजयदुर्गाला आली. मेल्पोमिनी या ब्रिटिश युद्धनौकेचे कप्तान चिझम-बॅटन आणि त्यांचे नौसैनिक मदतीला होते. त्या निरीक्षणांचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला, त्याच्या शीर्षकातच विजयदुर्गाचं नाव आहे. जानेवारीचं स्वच्छ आभाळ, खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, आणि त्या दोन मिनिटांत काचेच्या लोलकाच्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपायचे. अशा उपकरणांना हलणार नाही असा पक्का पाया लागतो. ओटे त्या मोहिमेचे असावेत हा तर्क जास्त बसतो. गावाने ३० वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणं एकात गुंफली.

अभिमानी : हे ऐकून माझा अभिमान कमी होत नाही. त्याला उलट घट्ट जमीन मिळते. एकाच किनाऱ्यावरून ३० वर्षांत दोन वेळा ग्रहणाची सावली गेली. दुसऱ्या वेळी, रॅम्झींच्या शोधानंतर तीनच वर्षांनी, ज्यांनी त्या पिवळ्या रेषेचा पाठपुरावा केला ते स्वतः इथे उभे होते आणि त्या रेषेचं द्रव्य आता त्यांना ओळखीचं होतं. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं लावून बसले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या तख्तसिंहजी वेधशाळेचे ते प्रमुख. म्हणजे त्या ग्रहणात आपला माणूस नुसता बघ्या नव्हता, निरीक्षक होता. हे मला पहिल्या कथेपेक्षा मोठं वाटतं.

पण तुमचं तिसरं विधान मला पटत नाही. सूर्यात हेलियम तयार होतं हे तर तुम्हीही मानता. मग सूर्यावर दिसलेलं हेलियम सूर्याने तयार केलेलं नाही, असं कसं?

चिकित्सक : कारण ते तयार होतं एका ठिकाणी आणि दिसलं दुसऱ्या ठिकाणी. सूर्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर. हायड्रोजनचं हेलियम होतं ते मध्यावरच्या गाभ्यात, त्रिज्येच्या पहिल्या पाव भागात. त्याच्या वर प्रारण विभाग. तिथे ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने कणाकणाला धडकत, दिशा बदलत, हळूहळू वर सरकते, पण द्रव्य मात्र जागच्या जागी राहतं. सुमारे ७० टक्के अंतर गेल्यावर अभिसरण विभाग लागतो. तिथे तापलेलं द्रव्य वर येतं, थंड होऊन खाली जातं. त्याच्या माथ्यावर दीप्तिगोल, म्हणजे आपल्याला दिसणारा पृष्ठभाग, सुमारे साडेपाच हजार अंशांचा. त्यावर वर्णगोलाचा पातळ थर आणि त्याबाहेर दूरवर पसरलेला किरीट. पिवळी रेषा आली ती वर्णगोलातून आणि त्यातून उसळणाऱ्या ज्वालांतून. अभिसरणाची ढवळाढवळ गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून गाभ्यात तयार झालेलं हेलियम गाभ्यातच साठत राहतं. वर्णगोलातलं हेलियम सूर्याला जन्मतःच मिळालेलं आहे. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत जे हेलियम बनलं, त्याचाच त्यात मोठा वाटा. त्या ग्रहणात लोकांनी सूर्याच्या कामाचं फळ पाहिलं नाही, सूर्याहून कितीतरी जुनं द्रव्य पाहिलं.

अभिमानी : आता मी तुम्हाला थांबवतो. लॉकियर किल्ल्यावर होते की नव्हते यासाठी तुम्ही कागद मागितलात आणि ते योग्यच केलंत. पण आत्ता तुम्ही सूर्याच्या पोटातले थर असे सांगितलेत, जणू कुणी तिथे जाऊन मोजपट्टी लावली. गाभा पाव भाग, प्रारण विभाग, तिथे द्रव्य हलत नाही. हे कुणी पाहिलं? दृश्य पृष्ठभागाच्या काहीशे किलोमीटर खालचंही सूर्य आपल्याला दाखवत नाही. किल्ल्याच्या कथेला एक कसोटी आणि सूर्याच्या कथेला दुसरी, असं चालणार नाही.

चिकित्सक : चालणार नाहीच. मी ते थर सांगितले ते पुस्तकांवर विसंबून. म्हणून तोच प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो, कारण या विषयावर तुमचं प्रेम आहे. गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश आहे यावर मी विश्वास का ठेवावा? लॉकियरच्या कथेवर गाव विश्वास ठेवतं, कारण थोरांनी सांगितलं. दीड कोटी अंशांवर शिकलेले लोक विश्वास ठेवतात, कारण पुस्तकाने सांगितलं. दोन्हींत फरक कोणता?

अभिमानी : सुरुवात आपल्या पायाखालून करतो. १८९८ साली विजयदुर्गावर ज्यांनी सूर्यावर कॅमेरे रोखले, त्यांच्यापैकी एकालाही सूर्य कशावर चालतो हे ठाऊक नव्हतं. तेव्हाचं मान्य उत्तर हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन यांचं होतं : सूर्य स्वतःच्या वजनाने आकसतो आणि त्या आकसण्यातून उष्णता निघते. कल्पना चांगली, गणित बरोबर. पण त्या गणिताने सूर्याला दोनतीन कोटी वर्षांचंच आयुष्य मिळतं. आता आपले खडक पाहा. देवगडच्या सड्यावर जांभ्याखाली जो काळा कातळ आहे, तो दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला रेडीच्या बाजूला त्याहून फार जुने खडक आहेत, दोनशे कोटी वर्षांच्याही मागचे. अशनींच्या मोजणीतून सूर्यमालेचं वय ४५० कोटी वर्षांहून थोडं जास्त येतं. केल्व्हिनचा सूर्य आपल्या कातळाहून लहान ठरतो. एका सुंदर सिद्धांताला दगडांनी खोटं पाडलं. फरक पहिल्यांदा इथे दिसतो : सूर्याबद्दल जे म्हटलं गेलं, ते खोटं ठरायला उघडं होतं आणि खोटं ठरलं तेव्हा सोडून दिलं गेलं.

चिकित्सक : जुनं उत्तर खोटं ठरलं म्हणून नवं खरं ठरत नाही.

अभिमानी : बरोबर. नव्याचा पाया असा. १९२० साली ॲस्टन यांनी अणूंची वजनं फार नेमकी मोजली. हायड्रोजनचे चार अणू मिळून जेवढे भरतात, त्यापेक्षा हेलियमचा एक अणू सुमारे ०.७ टक्क्याने हलका निघाला. आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे हरवलेलं वस्तुमान म्हणजे ऊर्जा. त्याच वर्षी एडिंग्टन यांनी सुचवलं की ताऱ्यांचं इंधन हेच असावं. पण सूर्यात तेवढा हायड्रोजन हवा ना? तेव्हाची समजूत अशी की सूर्याची घडण साधारण पृथ्वीसारखी, लोखंड वगैरे भरपूर. १९२५ साली सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने आपले मेघनाद साहा यांचं आयनीभवनाचं समीकरण वापरून ताऱ्यांचे वर्णपट पुन्हा वाचले आणि हायड्रोजन व हेलियम बाकी सगळ्यांहून कित्येक पटींनी जास्त निघाले. हेन्री नॉरिस रसेल यांच्यासारख्या मान्यवराला ते पटलं नाही. चारच वर्षांत त्यांच्या स्वतःच्या अभ्यासातून तेच निघालं आणि त्यांनी ते मान्य केलं.

मग क्रिया कशी घडते याचा हिशेब आला. दोन प्रोटॉन जवळ येतात, एकाचा न्यूट्रॉन होतो, जड हायड्रोजनचं केंद्रक बनतं, एक पॉझिट्रॉन आणि एक न्यूट्रिनो बाहेर पडतात. त्यात तिसरा प्रोटॉन मिळून हलकं हेलियम होतं. अशी दोन हलकी हेलियम केंद्रकं भिडली की नेहमीचं हेलियम आणि दोन सुटे प्रोटॉन. ही साखळी १९३८ साली बेथे आणि क्रिचफील्ड यांनी मांडली. सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन या वाटेने जातो आणि त्यातलं ४० लाख टनांहून थोडं जास्त वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं.

चिकित्सक : यात मला दोन गाठी दिसतात. दोन्ही प्रोटॉन धनभारित, एकमेकांना ढकलणारे. दीड कोटी अंश ऐकायला प्रचंड, पण तेवढ्या वेगाने धावणारे प्रोटॉनही एकमेकांना भिडण्याइतके जवळ पोहोचत नाहीत, हे तेव्हाच्या भौतिकीलाही माहीत होतं. दुसरी गाठ : जर ही क्रिया इतकी जबरदस्त आहे, तर सूर्य एका क्षणात फुटून का जात नाही? आपण हायड्रोजन बॉम्ब पाहिले आहेत.

अभिमानी : पहिल्या गाठीचं उत्तर पुंजभौतिकीत आहे. कण हा तरंगासारखाही वागतो, त्यामुळे जी भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे नाही, तिच्या पलीकडे तो क्वचित सापडू शकतो. गॅमो यांनी १९२८ साली किरणोत्सर्गासाठी हे गणित मांडलं आणि पुढच्याच वर्षी ॲटकिन्सन व हाउटरमान्स यांनी ते ताऱ्यांना लावलं. दुसऱ्या गाठीचं उत्तर ‘क्वचित’ या शब्दातच आहे. साखळीची पहिली पायरी इतकी दुर्मीळ आहे की गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला ती घडायला सरासरी शेकडो कोटी वर्षं वाट पाहावी लागते. म्हणून गाभ्याचा एक घनमीटर भाग फक्त काहीशे वॉट ऊर्जा देतो. तेवढ्याच आकारमानाचं माणसाचं शरीर त्याहून जास्त उष्णता निर्माण करतं. सूर्याचा प्रताप त्याच्या आकारात आहे, तीव्रतेत नाही. आणि समतोल तो स्वतः राखतो. क्रिया थोडी वाढली की गाभा फुगतो, फुगला की थंड होतो, थंड झाला की क्रिया मंदावते. गुरुत्वाकर्षण आत दाबतं, उष्ण द्रव्याचा दाब बाहेर ढकलतो, आणि हे कोट्यवधी वर्षं जमून राहतं.

चिकित्सक : हे सगळं सुसंगत आहे, मान्य. पण केल्व्हिनचं गणितही सुसंगत होतं. सुसंगत कथा आणि सिद्ध कथा यांत अंतर असतं. माझा आक्षेप मी एका जुन्या उदाहरणावर उभा करतो. १८६९ साली, म्हणजे हेलियमच्या रेषेनंतर एकाच वर्षाने, अमेरिकेतल्या ग्रहणात किरीटात एक हिरवी रेषा दिसली. तीही कुठल्याच ज्ञात द्रव्याशी जुळेना. पुन्हा तोच तर्क लावला गेला, नवं मूलद्रव्य म्हणून ‘कोरोनियम’ असं नावही पडलं. सत्तर वर्षांनी, १९४० च्या सुमाराला, ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून कळलं की ती रेषा साध्या लोखंडाची आहे, फक्त १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. एकच तर्क, तितकेच हुशार लोक. एकदा हेलियम मिळालं, एकदा भास. त्यामुळे ‘वर्णपटात दिसलं’ हे वाक्य ऐकून मी मान डोलावत नाही.

अभिमानी : हे उदाहरण मला प्रिय आहे, कारण त्यात हार आणि लाभ एकत्र आहेत. लोखंडाचे इतके इलेक्ट्रॉन उडवायला दहा लाख अंशांच्या वरचं तापमान लागतं. कोरोनियम गेलं आणि त्याच्या जागी कळलं की साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठभागाबाहेरचा किरीट दहावीस लाख अंशांचा आहे. पण तुमचा मुद्दा मला मान्य आहे. हेलियमला वाचवलं ते दुसऱ्या, स्वतंत्र साक्षीने. ती साक्ष रॅम्झींच्या नळीतून आली. तर गाभ्यासाठीही स्वतंत्र साक्षीदार हवेत. असे दोन आहेत.

पहिला न्यूट्रिनो. साखळीच्या पहिल्या पायरीतून सुटलेला न्यूट्रिनो सूर्याच्या बाहेर पडायला दोनअडीच सेकंद घेतो आणि साडेआठ मिनिटांच्या आत आपल्यापर्यंत येतो. गाभ्यात निर्माण झालेल्या ऊर्जेला पृष्ठभाग गाठायला हजारो ते लाखभर वर्षं लागतात, न्यूट्रिनो मात्र आजच्या गाभ्याची आजची खबर आणतो. रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेत होमस्टेक खाणीत जमिनीखाली जवळजवळ दीड किलोमीटर खोल रसायनाची मोठी टाकी ठेवली आणि १९६० च्या दशकाच्या शेवटापासून वर्षानुवर्षं मोजणी केली. न्यूट्रिनो मिळाले. पण अपेक्षेच्या सुमारे एक तृतीयांश.

चिकित्सक : इथेच मला सर्वांत जास्त संशय येतो. अपेक्षेच्या एक तृतीयांश मिळालं, तर सरळ मनाचा माणूस म्हणेल की सूर्याबद्दलची कथा चुकली. पण झालं काय? सूर्य तसाच ठेवला आणि न्यूट्रिनोचे गुणधर्म बदलले. म्हणे न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतो आणि टाकीला तो ओळखू येत नाही. कथा वाचवण्यासाठी पुरावा वाकवणं यालाच म्हणतात ना? ‘लॉकियर इथे नव्हते, पण त्यांची माणसं असतील’ असं म्हणण्यासारखंच हे झालं.

अभिमानी : तसं झालं असतं, जर ते म्हणून थांबले असते. तीस वर्षं हा प्रश्न उघडा राहिला. कुणी सूर्यात चूक शोधत होतं, कुणी टाकीत, कुणी न्यूट्रिनोत. मग कॅनडातल्या सडबरीच्या खाणीत एक हजार टन जड पाणी भरून अशी यंत्रणा उभी केली की ती एका जातीचे न्यूट्रिनो वेगळे मोजेल आणि तिन्ही जातींची बेरीजही वेगळी मोजेल. जात बदलण्याची गोष्ट खोटी असती तर दोन्ही आकडे सारखे आले असते. २००१ आणि २००२ साली निकाल आला : एका जातीचे सुमारे एक तृतीयांश, आणि तिन्हींची बेरीज सूर्याच्या गणिताशी जुळणारी. पळवाट वाटावी अशा कल्पनेने स्वतःला मरणाच्या कसोटीवर ठेवलं आणि ती तगली. २०१४ साली इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने साखळीच्या अगदी पहिल्या पायरीचे न्यूट्रिनोही मोजले. आजच्या गाभ्याची शक्ती आणि आज दिसणाऱ्या, खूप पूर्वी गाभ्यातून निघालेल्या प्रकाशाची शक्ती, दोन्ही जुळल्या.

दुसरा साक्षीदार सूर्याचा थरथराट. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लेटन यांना दिसलं की सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या लयीत वरखाली होतो. या ध्वनिलहरी आहेत, सूर्याच्या पोटातून फिरून आलेल्या. आपल्याकडचा माणूस शहाळ्यावर बोटाने ठोकून आत पाणी किती, खोबरं किती धरलंय ते सांगतो, तसंच या लहरींवरून आतल्या द्रव्याचं तापमान आणि घनता थराथराने काढता येते. त्यासाठी सूर्य सतत डोळ्यांपुढे हवा, म्हणून जगभर सहा केंद्रांची साखळी आहे, त्यातलं एक उदयपूरला. अभिसरण विभागाचा तळ त्रिज्येच्या ७१ टक्क्यांवर आहे हे त्यातूनच आलं. आणि बाहेरच्या थरांतलं हेलियम वजनाने सुमारे पाव हिस्सा, हेही. मघाशी तुम्ही म्हणालात की वर्णगोलातलं हेलियम सूर्याने बनवलेलं नाही. ते तुम्ही पुस्तकावर विसंबून म्हणालात, पण त्या पुस्तकामागची साक्ष ही आहे.

चिकित्सक : हे दोन साक्षीदार मला वजनदार वाटतात. एक कणांचा, एक लहरींचा, एकमेकांना न विचारता एकच हकिगत सांगणारे. तरी सगळं मिटलं असं म्हणू नका. या शतकाच्या सुरुवातीला सूर्याच्या पृष्ठभागावरच्या कार्बन, ऑक्सिजन वगैरेंचं प्रमाण नव्याने मोजलं गेलं आणि ते जुन्यापेक्षा कमी निघालं. ते नवे आकडे गणितात घातले की सूर्याचं अंतरंग लहरींच्या साक्षीशी पूर्वीइतकं जुळत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. आणि किरीट इतका तापतो कसा, उष्णतेच्या उगमापासून दूर गेल्यावर तापमान वाढतं कसं, याचंही पूर्ण उत्तर हाती नाही.

अभिमानी : नाही, आणि म्हणूनच माणसं अजून सूर्याकडे जातात. भारताचं आदित्य एल-१ यान २ सप्टेंबर २०२३ ला सुटलं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत पोहोचलं. तिथून सूर्याला कुणी झाकत नाही, आणि किरीट पाहायला लागणारं कृत्रिम ग्रहण यानावरचं उपकरणच घडवतं. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने घडवली. ती पाहते दीप्तिगोल आणि वर्णगोल. ज्या थराने ती पिवळी रेषा दिली, त्याच थराकडे आज आपल्या माणसांनी बनवलेला डोळा लागलेला आहे. विजयदुर्गाच्या फलकावर मी हे लिहीन : १८६८ ला सावली गेली, १८९८ ला लॉकियर आले, आणि आज तोच थर आपण पाहतो आहोत.

चिकित्सक : फलक खरा होईल. पण त्याने मुलाच्या मनात काय बदलेल? काल ते ‘१८६८ ला लॉकियर इथे होते’ हे वाचून मान डोलावत होतं, उद्या ‘१८९८ ला होते’ वाचून डोलावेल. विधान बदललं, सवय तीच राहिली. मला १८ ऑगस्टचा कार्यक्रम २२ जानेवारीला हवा असं वाटतं, ते याचसाठी. तारीख का बदलली हे विचारावंच लागेल, आणि उत्तर देताना पुरावा काढावाच लागेल.

अभिमानी : मी १८ ऑगस्टच ठेवीन. ती तारीख सूर्याच्या अभ्यासाची आहे, एका साहेबाची नाही. पण त्या दिवशी मुलांच्या हाती काम देईन. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हेलियमची नळी पेटवा, शेजारी सोडियमची ज्योत धरा, वर्णपटदर्शकातून दोन्ही पिवळ्या रेषा पाहा आणि त्यांतलं अंतर स्वतः मोजा. १८६८ साली माणसं जिथे अडखळली, तिथे प्रत्येक मुलाला उभं करा.

चिकित्सक : आणि त्या मुलाने विचारलं की मग हेलियमची हीच रेषा मला साध्या सूर्यप्रकाशात दाखवा?

अभिमानी : तर खरं सांगावं लागेल. सोडियमच्या काळ्या रेषा सूर्यप्रकाशात दिसतात, पण हेलियमची रेषा दीप्तिगोलाच्या उजेडात उमटत नाही, तेवढं तापमान तिथे नाही. म्हणून तर ग्रहणाची गरज पडली. पुढची पायरी त्या मुलाला दुसऱ्यांच्या नोंदींवरच चढावी लागेल. न्यूट्रिनोची टाकी तर कोणीच घरी आणू शकत नाही. ज्ञानातला मोठा भाग असा विश्वासावरच चालतो. फरक एवढाच की इथे मागे जायची वाट उघडी असते. पटलं नाही तर नोंदींपर्यंत, उपकरणांपर्यंत, मोजणीपर्यंत जाता येतं.

चिकित्सक : तुमचं हेच वाक्य मला सर्वांत जास्त छळतं. विजयदुर्गाच्या बाबतीतही वाट उघडी होती. १८९८ चा अहवाल छापलेला होता, १८६८ च्या निरीक्षकांची ठिकाणं नोंदलेली होती. तरी ओटे चुकीच्या सालाला चिकटून राहिले, कारण उघड्या वाटेने जायची कुणाला गरज वाटली नाही. मग वाट उघडी असणं एवढंच पुरेसं आहे, की कुणीतरी ती सतत चालत राहणं हाच ज्ञानाचा खरा आधार आहे? पहिलं खरं असेल तर तुमची सूर्याची कथा भक्कम आहे. दुसरं खरं असेल, तर ज्या पिढीत कुणी ती वाट चालणार नाही, त्या पिढीत दीड कोटी अंशांची गोष्टही साहेबाच्या ओट्यांइतकीच ऐकीव होईल, मग ती खरी असली तरीही.

अभिमानी : ती खरी राहील, पण ती आपल्याला माहीत आहे असं म्हणायचा हक्क आपण गमावू. इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येतो. त्या वाटेवर माणसं आणायची कशी, यावर मात्र आपलं जुळत नाही. माझा अनुभव सांगतो की आपल्या किल्ल्याच्या अभिमानाशिवाय मूल त्या वाटेच्या तोंडाशीही येत नाही.

चिकित्सक : आणि माझी भीती ही, की अभिमानाने आलेलं मूल वाटेच्या तोंडाशीच थांबतं, कारण त्याला हवं ते तिथेच मिळालेलं असतं. यातलं कोणतं घडतं हे आपल्या दोघांना बसून ठरवता येणार नाही. सूर्यासाठी आपण जशी साक्ष मागितली, तशीच ती त्या मुलांकडून घ्यावी लागेल, आणि निकाल आपल्यापैकी कुणाच्याही विरुद्ध गेला तरी तो मानावा लागेल.